मद्रासच्या आकाशातली एशिया

फेब्रुवारी १८६१ मध्ये नॉर्मन पॉगसन नावाचा एकतीस वर्षांचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ मद्रासला पोचला, नुंगमबाक्कमच्या वेधशाळेचा प्रमुख म्हणून, आणि अजून घरच्या पेट्याही धड उघडून झाल्या नसतील तोवर १७ एप्रिलच्या रात्री त्याला दुर्बिणीत एक ठिपका दिसला जो नकाशात नव्हता. तो ठिपका ताऱ्यांमधून सरकत होता. म्हणजे लघुग्रह. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला, तोपर्यंत सापडलेल्यांपैकी सदुसष्टावा, पण आशिया खंडातून सापडलेला पहिलाच, म्हणून त्याचं नाव ठेवलं एशिया. ग्रीक पुराणात याच नावाची एक टायटन बाईपण आहे त्यामुळे तेव्हाच्या रिवाजातही ते बसलं, कारण त्या काळी लघुग्रहांना पुराणातल्या बायकांची नावं द्यायची पद्धत होती.

मला ही गोष्ट फार आवडते आणि मी ती आकाशदर्शनाला आलेल्या लोकांना सारखी सांगत असतो. आपल्याकडे खगोलशास्त्राचा इतिहास म्हटलं की आर्यभट, भास्कराचार्य, मग जंतरमंतर, आणि मग एकदम इस्रो. मधली जी शंभर-दीडशे वर्षं आहेत, ज्यात मद्राससारख्या ठिकाणी दमट हवेत, डासांत, पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या ढगांत लोक रोज रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसत होते, ती आपण गाळूनच टाकतो.

पॉगसनचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं पण त्याचं काम प्रत्येक आकाशप्रेमी वापरतो. हा तारा पहिल्या प्रतीचा, तो सहाव्या प्रतीचा, असं आपण म्हणतो ना, त्या प्रतींचं गणित त्याने १८५६ मध्ये बसवून दिलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत बरोबर शंभर पट, म्हणजे एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. प्रती ग्रीकांच्या काळापासून होत्या पण त्या अंदाजाने होत्या, ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. पॉगसनने हा आकडा सुचवला आणि आजही दुर्बिणीच्या जाहिरातीपासून मोबाईलच्या अॅपपर्यंत सगळीकडे तोच चालतो. आणि त्याने हे का केलं तर त्याला लघुग्रहांची तेजस्विता नीट मोजायची होती, म्हणजे मुळात ओढ तीच. मद्रासला यायच्या आधी ऑक्सफर्डला त्याने आयसिस, एरियाडनी आणि हेस्टिया असे तीन लघुग्रह शोधलेले होते.

आता तेव्हा लघुग्रह शोधायचे म्हणजे काय करायचे ते सांगतो, कारण शोध लागला म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एक क्षण येतो आणि तसं अजिबात नसतं. फोटोग्राफी नव्हती. मॅक्स वोल्फने फोटोवरून पहिला लघुग्रह शोधला तो १८९१ मध्ये. त्याच्या आधी सगळं डोळ्याने. क्रांतिवृत्ताच्या आजूबाजूच्या पट्ट्याचा, म्हणजे जिथून सूर्य-चंद्र-ग्रह जातात तिथला, ताऱ्यांचा नकाशा समोर ठेवायचा, बऱ्याचदा तो नकाशाही स्वतःच काढलेला, आणि दुर्बिणीतून दिसणारा एकेक ठिपका त्या कागदाशी ताडून पाहायचा. हा आहे, हा आहे, हा आहे. शेकडो ठिपके, साध्या डोळ्याला न दिसणारे. आणि एखादा जास्तीचा निघाला तर लगेच उड्या मारायच्या नाहीत, कारण नकाशात तारा राहून गेलेला असू शकतो, किंवा एखादा रूपविकारी, म्हणजे कमीजास्त तेजस्वी होणारा तारा आज उजळलेला असू शकतो. काही तास थांबायचं, पुन्हा बघायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा. शेजारच्या ताऱ्यांपासून त्याने जागा बदललीय असं मोजमापात दिसलं तरच तो आपला.

आमच्या भाचीबरोबर मी यातलं आजचं काम थोडंसं केलेलं आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमधून चालणारा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, त्यात शाळा-कॉलेजच्या मुलांना हवाईतल्या हालेआकाला डोंगरावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने घेतलेले फोटो मिळतात, आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही काही मिनिटांच्या अंतराने काढलेले चार. ते सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे आणि एकामागून एक पटापट फिरवायचे. तारे जागच्या जागी राहतात आणि मध्येच कुठेतरी एक अगदी पुसट ठिपका टुणटुण करत एका सरळ रेषेत पुढे जातो. भाची पहिल्यांदा ओरडलीच, मामा तो बघ चाललाय! तो आधीच माहीत असलेला लघुग्रह होता, यादीत त्याचा नंबर होता, तरी आमच्या दोघांच्या अंगावर काटा आला. कारण खोट्या ठिपक्यांनी ते फोटो भरलेले असतात, कॅमेऱ्याच्या चिपमधले दोष असतात, वैश्विक किरणांचे ओरखडे असतात, आणि त्या सगळ्या गर्दीत हा एक खरा दगड निघतो, करोडो किलोमीटर लांबचा, आपल्या वाटेने चाललेला.

आपल्या पेपरात अधूनमधून बातमी येते ना, अमुक जिल्ह्यातल्या मुलामुलींनी लघुग्रह शोधला, ती बऱ्याचदा याच उपक्रमातली असते. मला त्या बातम्या वाचून मनापासून आनंद होतो पण बातमी जिथे संपते तिथे खरं तर गोष्ट सुरू होते. मुलांनी पाठवलेला ठिपका हा अजून नुसता दावा असतो. त्याचे वेध पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वेधशाळांतून घेतले जाईपर्यंत तो पक्का होत नाही आणि त्याला पाच-सात वर्षंसुद्धा लागू शकतात. तोवर ती मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असतात.

सापडणं आणि हाती राहणं यातलं अंतर कळायचं असेल तर अगदी पहिल्या लघुग्रहाकडे बघावं. १ जानेवारी १८०१ ला सिसिलीत पालेर्मोच्या वेधशाळेत जुसेप्पे पियाझ्झीला सेरेस दिसला. तो फेब्रुवारीच्या ११ तारखेपर्यंत त्याच्या मागावर होता, मग आजारपण आलं आणि सेरेस सूर्याच्या उजेडात गेला. पुन्हा बाहेर आल्यावर शोधायचा कुठे? एवढ्याशा वेधांवरून पुढची जागा काढायचं गणितच तोवर कोणाकडे नव्हतं. ते गाऊस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने तयार केलं, आणि त्याने सांगितलेल्या जागेच्या जवळच वर्षाच्या शेवटच्या रात्री झाखला आणि लगेच पाठोपाठ ओल्बर्सला सेरेस पुन्हा सापडला. मला विचाराल तर सेरेस त्या डिसेंबरात खऱ्या अर्थाने सापडला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी लघुग्रहांचा हजारावा नंबर आला तेव्हा त्याला पियाझ्झिया नाव दिलं, एक हजार एकला गाऊसिया आणि एक हजार दोनला ओल्बर्सिया. इतकी मनापासून केलेली कृतज्ञता मला दुसऱ्या कुठल्या शास्त्राच्या यादीत दिसलेली नाही.

पॉगसनच्या आयुष्यात याची उलटी बाजूही आहे. नोव्हेंबर १८७२ मध्ये युरोपात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला, तुटलेल्या बिएलाच्या धूमकेतूचा तो कचरा होता. जर्मनीत ग्योटिंगेनच्या क्लिंकरफ्यूसला वाटलं की धूमकेतू पृथ्वीला घासून दक्षिणेकडे गेला असणार, आणि दक्षिणेचं आकाश चांगलं दिसतं कुठून तर मद्रासहून, म्हणून त्याने पॉगसनला तार केली की बिएला पृथ्वीला शिवून गेला, नरतुरंग तारकासमूहातल्या थीटा ताऱ्याजवळ शोध. मद्रासला आभाळ भरलेलं होतं. ते उघडलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला लागोपाठ दोन दिवस पहाटे पॉगसनला तिथे खरोखरच एक धूमकेतू दिसला! मग पुन्हा ढग, आणि तो गेला तो कायमचाच. नंतर हिशोब करणाऱ्यांनी दाखवलं की तो बिएलाचा धूमकेतू असणं जमत नाही, मग तो कुठला होता हे सांगायला कक्षा हवी आणि कक्षेला किमान तीन वेध हवेत, पॉगसनकडे दोन. एका सकाळचं आकाश कमी पडलं. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा तेव्हा मला त्या तिसऱ्या सकाळच्या ढगांचा राग येतो, दीडशे वर्षांनी सुद्धा.

म्हणून आजची पद्धत इतकी सावकाश आहे आणि ती तशीच असावी. नवीन ठिपका कळवला की त्याला आधी एक तात्पुरता कोड मिळतो. उदाहरणार्थ २००६ व्हीपी३२. यात २००६ हे वर्ष, व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, आणि पी३२ वरून कळतं की त्या पंधरवड्यातल्या नोंदींत हा आठशे पंधरावा. (आय हे अक्षर एकशी गल्लत होते म्हणून वगळलेलं आहे, त्यामुळे एका फेरीत पंचवीस अक्षरं, तेव्हा पंचवीस गुणिले बत्तीस अधिक पंधरा.) मग वर्षानुवर्षं वेध जमत राहतात, सूर्याच्या बरोबर समोर येऊन तो ठळक दिसतो अशा अनेक प्रतियुत्या पकडल्या जातात, आणि कक्षा पुरेशी पक्की झाली, म्हणजे आता हा हरवणार नाही अशी खात्री झाली, की मग कायमचा नंबर. नंबर मिळाल्यावरच नाव. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, इथे बाराव्या वर्षी झालं तरी लवकर म्हणायचं. आज नंबर मिळालेले लघुग्रह आठ लाखांच्या वर आहेत आणि नाव मिळालेले त्यातले अगदीच थोडे.

नाव सुचवायचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा, नंबर मिळाल्यापासून दहा वर्षं. पण मान्यता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या समितीची. जास्तीत जास्त सोळा अक्षरं, शक्यतो एकच शब्द, उच्चारता येईल असा, कोणाला लागेल असा नको, धंद्याची जाहिरात नको, आणि राजकारणी किंवा लष्करी माणसाचं नाव द्यायचं तर तो माणूस जाऊन शंभर वर्षं झालेली हवीत. हा शेवटचा नियम मला अतिशय शहाणपणाचा वाटतो, रस्ते आणि चौकांच्या नावांवरून आपण काय काय बघितलेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव आपोआप लागतं, लघुग्रहाला नाही, इथे जो शोधतो त्याला दुसऱ्या कोणाचा तरी विचार करावा लागतो.

तो २००६ व्हीपी३२ मी उगाच नाही निवडला. अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या माउंट लेमनवरून ११ नोव्हेंबर २००६ ला तो सापडला, पुढे त्याला ३००१२८ हा नंबर मिळाला, आणि २०१९ मध्ये त्याचं नाव झालं पंडितजसराज. एकच शब्द, नियमाप्रमाणे. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३०, म्हणजे २८-०१-३०, तो उलटीकडून लिहिला की ३०-०१-२८, हाच तो नंबर. पुण्याच्या सवाईत ज्यांनी त्यांना ऐकलंय, तार सप्तकात लावलेला तो स्वर आणि मांडवातले हजारो लोक गप्प, त्यांना ही बातमी ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. मी तर तेव्हा ओळखीच्या सगळ्यांना फोन केले होते. पंडितजी तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते, पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले, पण नाव त्यांच्या हयातीत झालं याचं मला फार समाधान आहे.

हयातीत, हा मुद्दा मला आयसिसकडे घेऊन जातो. पॉगसनने ऑक्सफर्डला मे १८५६ मध्ये पहिला लघुग्रह शोधला तो हा आयसिस. नाव ऑक्सफर्डच्या वेधशाळेच्या प्रमुखाने दिलं, इजिप्तच्या देवीचं म्हणून, ऑक्सफर्डला थेम्स नदीला आयसिस म्हणतात तेही असेल, पण पॉगसनच्या मुलीचं नावही एलिझाबेथ आयसिस होतं आणि ती तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. ती मद्रासला वाढली आणि १८७३ पासून वडिलांच्या वेधशाळेतच सहायक म्हणून काम करायला लागली. वेध घेणे, आकडेमोड, ताऱ्यांच्या यादीचं न संपणारं काम, आणि १८८१ पासून मद्रास इलाख्याची हवामान अधिकारी म्हणूनही. पॉगसनच्या काळात त्या वेधशाळेने पाच हजारांवर ताऱ्यांच्या जागा मोजल्या, आणि त्या कामाचा गाडा ज्यांनी ओढला त्यात ही होती.

१८८६ मध्ये वडिलांनी तिचं नाव लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवलं. नाव मागे घ्यावं लागलं. वकिलांचं म्हणणं पडलं की संस्थेच्या सनदेत सदस्याचा उल्लेख सगळीकडे पुल्लिंगी आहे, तेव्हा बाईला घेता येणार नाही. म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या एका अख्ख्या जगाला तिचं नाव तीस वर्षांपासून होतं, ते जगभरच्या वेधशाळांच्या पुस्तकांत छापलं जात होतं, आणि त्याच खगोलशास्त्रज्ञांच्या सदस्यांच्या वहीत ते चालत नव्हतं. शेवटी १९२० मध्ये तिला घेतलं. तेव्हा ती सत्तरीच्या जवळ आली होती, वडील मद्रासमध्ये १८९१ लाच वारलेले, ती लग्न होऊन इंग्लंडला गेलेली. मला ही गोष्ट सांगताना अजूनही घसा दाटून येतो. कारण आकाशातलं नाव ही भेट होती, लहान मुलीला वडिलांच्या शोधातून मिळालेली, आणि वहीतलं नाव हा तिच्या स्वतःच्या कामाचा हक्क होता. भेट चटकन मिळाली, हक्काला चौतीस वर्षं लागली.

त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी पण आठवायला हवेत. त्यांनी १८६७ मध्ये दक्षिणेकडच्या रेटिक्युलम तारकासमूहातला एक रूपविकारी तारा शोधला, १८७२ मध्ये ते त्याच रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले, आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाच्या, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो त्या घटनेच्या आधी साध्या लोकांना ते काय असतं हे कळावं म्हणून पुस्तिका लिहिली. एशिया हे नाव ऐकलं की मला एकटा पॉगसन दिसत नाही, रघुनाथाचारींसारखे दीर्घकाळ त्या दुर्बिणींशी राहिलेले लोक दिसतात. साहेबांच्या राज्यात त्यांच्या नावाचा लघुग्रह कोणी केला नसता हे उघड आहे, पण खंडाचं नाव दिलं त्यात नकळत त्यांचाही वाटा येतो असं मी धरतो.

नाव देण्यात तेव्हाही राजकारण होतंच. १८५० मध्ये हिंड या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने लंडनहून शोधलेल्या लघुग्रहाला व्हिक्टोरिया नाव दिलं तर अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, राणीचं नाव आकाशात कशाला म्हणून. व्हिक्टोरिया रोमन देवीही आहे हे सांगून ते टिकवलं गेलं. त्या मानाने पॉगसनने निवडलेलं नाव मला जास्त मोकळं वाटतं. मद्रासहून त्याने पुढे आणखी सापडवले: १८६४ ला साफो, १८६६ ला सिल्व्हिया, आणि १८८५ च्या फेब्रुवारीत व्हेरा, जिचं नाव त्याच्या दुसऱ्या बायकोने सुचवलं होतं. व्हेरानंतर भारतातून पुढचा लघुग्रह सापडायला १९८८ चा फेब्रुवारी उजाडला, तमिळनाडूतच, जवादी डोंगरातल्या कवलूरला, राजमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्याचं नाव रामानुजन. मद्रासमध्ये कारकुनी करत गणित मांडणाऱ्या माणसाचं नाव, मद्रासपासून काही तासांवरच्या दुर्बिणीतून. पॉगसनच्या नावाचाही लघुग्रह आता आहे, स्वित्झर्लंडमधून १९६८ मध्ये सापडलेला.

एशिया तशी छोटी, साठ किलोमीटरच्या जरा आत, पावणेचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी. सिल्व्हिया मात्र पट्ट्यातल्या मोठ्यांपैकी आहे, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिच्याकडे लोक बघत राहिले म्हणून तिची गोष्ट पुढे गेली. २००१ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीतून तिच्याभोवती फिरणारा एक चंद्र दिसला. मग चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या २००४ मधल्या फोटोंत आणखी एक, आणि २००५ मध्ये जाहीर झालं की दोन चंद्र असलेला हा माहीत झालेला पहिलाच लघुग्रह. रोमच्या दंतकथेत ऱ्हिया सिल्व्हिया ही रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची आई, तेव्हा चंद्रांची नावं शोधत बसावं लागलं नाही, ती मद्रासला १८६६ मध्ये ठेवलेल्या नावातच होती.